सरकारी रेघ आणि सुग्रीवचा आवा

निजामाच्या राज्यातला, फसली तेराशे सत्तेचाळीस सालचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतिसाचा, कार्तिक महिना होता. परभणी जिल्ह्यातील देऊळखेड या कसब्यात ऐन बाजाराच्या दिवशी हलगी कडाडली आणि दवंडीवाल्याने बलदियेचा, म्हणजे नगरपालिकेचा, हुकूम खड्या आवाजात जाहीर केला, की गावाची नवी आखणी होणार असून, ज्या धंद्यांना विस्तव लागतो ते सर्व धंदे बाजारपेठेच्या हद्दीतून उठून वर्षाच्या आत ओढ्यापलीकडे गेले पाहिजेत. या कामी ज्या कोणास उजर, म्हणजे हरकत, घ्यावयाची असेल त्याने तीस दिवसांत कचेरीत येऊन ती लेखी द्यावी.

सुग्रीव कुंभार त्या समयी चाकावर बसला होता. ते शब्द कानी पडताच त्याने मान वळवली, आणि हाताखालच्या घागरीचीही मान एका अंगाला कलली.

"मोडली का?" आतून डोकावून छबूबाईने, म्हणजे त्याच्या कुटुंबाने, विचारले.

"घागर न्हाई मोडली. माझं कंबरडं मोडलं," सुग्रीव म्हणाला. "आवा पलीकडं न्यायचा म्हणायलेत."

कच्ची मडकी ज्यात रचून भाजतात तो आवा सुग्रीवच्या घरामागेच, परसात होता. पुढे चाक, मागे आवा, मधे वीस पावले. कच्च्या मडक्याची प्रकृती ओल्या बाळंतिणीच्या बाळासारखी असते; त्याला वीस पावले नेतानाही श्वास रोखावा लागतो. तीच मडकी डोक्यावर घेऊन उतार उतरायचा, ओढ्यातले दगड तुडवायचे आणि पलीकडचा चढ चढायचा म्हटले, तर शंभरांतली निम्मी वाटेतच माती होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको होता.

परंतु हुकूम अगदीच अन्यायाचा होता असे नव्हे, ही गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. पाच वर्षांपूर्वी गावाला रेल्वेचे स्टेशन झाले, तेव्हापासून राधाकिशन शेठ यांच्या कापसाच्या गाड्यांची रांग हंगामात थेट कुंभारगल्लीपर्यंत येऊन उभी राही. कापूस आणि ठिणगी यांची गाठ पडली म्हणजे काय होते, ते कोणास सांगावे लागत नाही.

बलदियेचे अहलकार, म्हणजे कारकून, दिनकरराव हे परभणीहून नवेच आलेले, वळणदार अक्षराचे आणि सालस मनाचे तरुण गृहस्थ होते. लोकांचे म्हणणे ऐकूनच कायदा व्हावा, असे त्यांना अंतःकरणापासून वाटे. त्यांनी तीन रंगांचा नकाशा कचेरीच्या ओसरीत टांगला, उजर लिहिण्यासाठी नवी कोरी वही शिवून घेतली आणि रोज सकाळी दौत भरून ते बसू लागले. वीस दिवस लोटले. वही कोरीच राहिली. नकाशा पाहावयास लोक येत. परंतु एकाने तो लुगड्याचा नमुना समजून काठाची चौकशी केली, तर दुसऱ्याने बराच वेळ न्याहाळून, "ह्यात माझा गोठा दिसंना," म्हणून रागाने पाठ फिरवली.

सुग्रीवही तीन वेळा कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेला. वर पट्टेवाला उभा दिसला, की त्याचे पाय आपोआप माघारी वळत.

"काय म्हणले साहेब?" छबूबाईने तिसऱ्या खेपेस विचारले.

"लय गर्दी होती."

"कुणाची?"

"माझीच," सुग्रीव म्हणाला आणि चिखल तुडवावयास गेला.

शेवटी दिनकररावांना एक युक्ती सुचली. नकाशा लोकांना कळत नसेल, तर तो जमिनीवरच काढून दाखवावा. एके दिवशी दुपारपासून त्यांनी चुन्याची फक्की घेऊन बाजारपेठेच्या हद्दीची रेघ स्वतःच्या हाताने ओढली. कुंभारगल्लीत ती रेघ मनकर्णाबाई पटवारीण यांच्या दारापर्यंत सरळ आली, तेथून सुग्रीवच्या घरामागे वळली, आव्याला पोटात घेऊन पुन्हा गल्लीत निघाली आणि तानुबाई तेलिणीच्या दारावरून पुढे गेली. रेघेच्या आत जे आले ते बाजारात आले; म्हणजे आवा उठणार, हे आता आंधळ्यालाही उमगले.

परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव पाहतात, तो रेघ नाहीशी! प्रातःकाळी उठून गल्लीतील साऱ्या बायकांनी नित्याप्रमाणे अंगणे झाडून शेणसडा घातला होता, आणि छबूबाईने परसही सारवून घेतले होते. दारापुढे रोजच्या रांगोळ्या तेवढ्या हसत होत्या.

"सरकारची रेघ पुसली तुमी!" दिनकरराव कळवळून म्हणाले.

"अगं बाई, ती सरकारची व्हती?" तानुबाईने तोंडाला पदर लावला. "आमाला वाटलं, चुन्याचं पोतं फाटलं."

दिनकररावांनी रेघ पुन्हा ओढली, आणि ती पुसावयाची नाही अशी हात जोडून ताकीद दिली. आता मोठाच पेच पडला. सडा न घालता दार उघडे टाकणे म्हणजे लक्ष्मीला पाठ दाखवणे. आणि सडा घालावा तर सरकारची रेघ जाते. अखेर मनकर्णाबाईंनी, वयाने आणि मानाने वडील म्हणून, निकाल दिला: सडा घालावा, आणि रेघ होती तशी रांगोळीने परत काढून द्यावी. सरकारचे ते सरकारला, दाराचे ते दाराला.

तीन दिवस हा क्रम मोठ्या निष्ठेने चालला. रेघेला दोन्ही अंगांनी ठिपके आले, मधूनमधून गोपद्म आणि कमळ आले. दिनकररावांनी लांबूनच रेघ शाबूत पाहिली आणि समाधान मानले.

तिसावा दिवस उजाडला. तहसीलदारसाहेब सही करण्यापूर्वी आखणी प्रत्यक्ष पाहावयास पायीच निघाले. हे हैदराबादचे, उंच, मिशीतल्या मिशीत हसणारे गृहस्थ होते. मागे नकाशा घेऊन दिनकरराव, आणि त्यांच्या मागे राधाकिशन शेठ. कुंभारगल्लीत शिरताच साहेब थबकले.

"अजी दिनकरराव, ये सरहद है के शादी का मंडप?"

दिनकररावांनी नकाशा पाहिला, जमीन पाहिली, आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला. नकाशातली रेघ सुग्रीवच्या घरामागून जात होती. जमिनीवरची रेघ मनकर्णाबाईंच्या दारापासून सुग्रीवच्या दारापुढून नाकासमोर सरळ तानुबाईच्या दारी गेली होती. सुग्रीवचे घर, परस आणि आवा, सारे काही हद्दीबाहेर जाऊन बसले होते!

"साहेब, ही लबाडी हाय!" राधाकिशन शेठ उसळले. "कुंभारानं रातोरात रेघ सरकवली."

सुग्रीव दारातच उभा होता. त्याने खाली पाहिले तेव्हा त्याच्याही ते प्रथमच ध्यानी आले, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सरकारची रेघ हलवल्याचा आळ आला म्हणजे आवा तर जाणारच, वर अब्रूही जाणार!

"कुणी काढली ही?" साहेबांनी मराठीत विचारले.

"आमी," मनकर्णाबाई पुढे येऊन म्हणाल्या.

"घरामागून होती ना? पुढून का काढली?"

मनकर्णाबाईंनी साहेबांकडे अशा नजरेने पाहिले, जशी त्या अजाण नातवाकडे पाहत असत. "साहेब, रांगोळी दारापुढं काढत्यात. घरामागं कोणी रांगोळी काढतंय का?"

साहेबांची मिशी हलली, आणि ते इतके मोकळेपणाने हसले, की ओट्यावरची शेळी दचकून उठली.

"बरोबर बोलल्या बाई," ते म्हणाले. "पण आता सांगा, आमची रेघ मागून गेली तर तुमचं काय बिघडतं?"

हा प्रश्न तीस दिवसांत कोणी दाराशी येऊन विचारलाच नव्हता. एकदा विचारल्यावर मात्र साऱ्या गल्लीला कंठ फुटला.

"लगनाची मडकी वाजतगाजत कुंभाराच्या दारातून आणायची असत्यात. वऱ्हाड काय वढ्यात पोहायला नेऊ?" तानुबाई म्हणाली.

"आन् पावसाळ्यात वढा भरल्यावर घट कुठून आणावं? नवरात्र थांबतंय व्हय?" दुसरीने विचारले.

"शेठ, तुमच्या गाड्या पाच वर्षांच्या. हा आवा माझ्या सासूच्या लगनाआधीचा," मनकर्णाबाईंनी सुनावले.

"काकू, तुमचं खरं हाय, पण कापूस पेटला तर मी पेटलो समजा!" शेठ काकुळतीने म्हणाले. "मला झोप लागंना झालीय."

शेठच्या त्या बोलण्यात खरी भीती होती, आणि तीच भीती ऐकून सुग्रीवची जीभ सुटली. विस्तवाचा विषय निघाला होता. आणि त्या विषयात या गल्लीत त्याच्याहून शहाणा कोणी नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "वारं बाजाराकडं वाहत असलं, तर मी आवा लावीतच न्हाई. तीस वर्षं झाली. कापसाच्या हंगामात संक्रांतीच्या सुगड्यांपुरता दोनदा लावतो. आदल्या दिवशी सांगत जाईन, शेठनी त्या दिवशी गाड्या स्टेशनाकडं लावाव्या. भिंत घाला म्हणलं तर भिंत घालतो. पण कच्ची मडकी वढ्यापार जगत न्हाईत. ती मेली तर मी काय भाजू?"

साहेबांनी शेठकडे पाहिले. शेठनी आव्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि वाऱ्याची दिशा बोटाने अजमावली. "भिंत पुरुषभर पायजे," ते शेवटी म्हणाले.

"दिनकरराव, लिहा," साहेब म्हणाले.

तानुबाईच्या ओट्यावर वही उघडली गेली. दिवस मावळेपर्यंत दिनकरराव मान वर न करता लिहीत होते. शेजारच्या गल्ल्यांतूनही लोक आले; लोहाराने ऐरणीचे सांगितले, रंगाऱ्याने हौदाचे सांगितले, आणि एका म्हातारीने केवळ इतरांनी दिला म्हणून उजर दिला, व तो कशाबद्दल आहे हे उद्या आठवून सांगण्याचे कबूल केले. बायकांच्या अंगठ्यांना शाई लावण्यापूर्वी रांगोळी पुसावी लागत होती.

मार्गशीर्षात मंजुरी आली. तालुक्याच्या शिक्क्याचा तो कागद दिनकररावांनी स्वतः गल्लीत येऊन वाचून दाखवला: कुंभाराचा आवा जागच्या जागी राहील, आवा लावण्याच्या आदल्या दिवशी बलदियेस वर्दी द्यावी, त्या दिवशी कापसाच्या गाड्या गल्लीत उभ्या करू नयेत, आणि आव्याभोवती चारी बाजूंनी पुरुषभर उंचीची मातीची भिंत कुंभाराने घालावी.

सुग्रीवने तो कागद देवापुढे ठेवला. मग आठ दिवस त्याने चाकाला हात लावला नाही. माती कालवली, पेंढा मिसळला, आणि भिंत उभी केली. चारी बाजूंनी, सरळ, गुळगुळीत, पुरुषभर उंच. हुकमातील एकही अक्षर त्याने खाली पडू दिले नाही.

संक्रांतीच्या चार दिवस आधी त्याने कचेरीत ताठ मानेने जाऊन वर्दी दिली. वारा ओढ्याकडे वाहत होता. शेठच्या गाड्या स्टेशनाकडे गेल्या. आवा लागला, निवला, आणि सुगडी अशी लालबुंद उतरली, की ती पाहून छबूबाईने नवऱ्याची दृष्टच काढली.

सकाळी बायका सुगडी घ्यावयास आल्या आणि भिंतीपाशी येऊन थांबल्या. त्यांनी भिंतीला एक फेरी घातली. मग दुसरी घातली.

"सुग्रीवभाऊ," मनकर्णाबाईंनी हाक मारली, "दार कुठं हाय?"

भिंतीच्या आतून आवाज आला, "हुकमात दार न्हाई, काकू. चारी बाजूंनी भिंत, असंच लिवलंय."

"मग तू आत कसा गेलास?"

"शिडीनं."

हसण्याचा असा लोट उठला, की सुग्रीवही भिंतीआड हसू लागला. मग शिडीवर छबूबाई चढली. सुग्रीव आतून एकेक सुगडे वर देऊ लागला, आणि ती ते बाहेरच्या ओंजळींत सोडू लागली. एकही फुटले नाही.

तेवढ्यात भिंतीची उंची मोजावयास दिनकरराव आले. त्यांनी तो प्रकार पाहिला, ओट्यावर बसून वही काढली आणि टाकाचे टोक दौतीत बुडवले.

"हां, बोला," ते म्हणाले, "दाराचा उजर कुणाकुणाचा?"

साऱ्या जणी एकदमच बोलू लागल्या.