ऑक्टोबरचं पाकीट

गंगाधरपंत खांबेटे वकिलांचा माणसांवर विश्वास बेताचाच होता, पण पुस्तकांवर पुरा होता. पक्षकार खोटं बोलतो, पोलीस त्याहून खोटं बोलतो, आणि साक्षीदार दोघांना पुरून उरतो; छापलेलं तेवढं खरं, असं त्यांचं म्हणणं. फणसवाडीतल्या घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. तिथल्या काचेच्या कपाटात फौजदारी कायद्यावरच्या भाष्याचे सात खंड, लाल कातडी बांधणीचे, ओळीने उभे असत. नवा पक्षकार आला की पंत आधी कपाटाकडे बघत आणि मग त्याच्याकडे.

आता कायद्याच्या पुस्तकाचं एक दुखणं असतं. ते छापून बाहेर पडतं त्याच दिवसापासून जुनं व्हायला लागतं. हायकोर्ट आज एक निवाडा देतं आणि चार वर्षांनी मोठं बेंच तोच फिरवतं. म्हणून प्रकाशक दर महिन्याला पोस्टाने एक पाकीट पाठवायचा. त्यात छापील चिठ्ठ्या असत: अमुक खंड, अमुक पान, इथला निवाडा आता चालत नाही. चिठ्ठी कापायची आणि त्या पानाच्या समासात डकवायची. हे काम गेली सहा वर्षं दौलत गमरे करत होता.

दौलत करी रोडच्या चाळीत राहायचा. कारकून म्हणून लागला तेव्हा मॅट्रिक होता. सकाळच्या कॉलेजात जाऊन जाऊन एलएल.बी. झाला. हात मोठा नेटका. मैद्याची खळ करताना तो त्यात चिमूटभर मोरचूद घाली, म्हणजे पुस्तकाला झुरळं लागत नाहीत. चिठ्ठी डकवली की वहीत नोंद करी, तारखेसकट. तारखेचा धडा त्याला पंतांनीच पहिल्या दिवशी दिला होता. "कागदावरची तारीख खोटी, तर सगळा कागद खोटा," असं ते म्हणाले होते. तीस वर्षांच्या वकिलीत आपण एकाही कागदावर मागची तारीख घातली नाही, हे ते महिन्यातून दोनदा तरी ऐकवत, आणि खोटं नव्हतं ते.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत लालबागच्या सीतारामचा खटला उभा राहिला. सीताराम मिलमधला साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. संयुक्त महाराष्ट्राची मिरवणूक निघाली, जमावबंदी होती, हा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे. असे खटले पंत फुकट चालवत, आणि त्याबद्दल गिरगावात त्यांना मान होता. सीतारामच्या बायकोला, कौसल्येला, त्यांनी सांगून ठेवलं होतं की काळजी करू नकोस, माझ्या तिसऱ्या खंडात तुझ्या नवऱ्याची सुटका छापलेली आहे.

कोर्टात पंतांनी तिसरा खंड उघडला आणि ठसक्यात निवाडा वाचून दाखवला. जमावबंदीचा हुकूम वस्तीत दवंडी पिटून कळवला नसेल, तर तो मोडल्याची शिक्षा टिकत नाही. वाचून झाल्यावर सरकारी वकील सावकाश उठले. हा निवाडा गेल्या पावसाळ्यात मोठ्या बेंचाने फिरवला, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. आमच्या विद्वान मित्रांच्या पुस्तकात चिठ्ठी डकवायची राहिली असावी. मागच्या बाकांवर वकील मंडळी हसली. सीतारामला चार महिन्यांची शिक्षा झाली.

पंत घरी आले, तिसरा खंड खिडकीशी नेला आणि समास बोटाने चाचपला. चिठ्ठी नव्हती. खळीचा डागसुद्धा नव्हता. म्हणजे ती डकवलीच नव्हती. त्यांनी दौलतला विचारलं.

"ऑक्टोबरचं पाकीट आलंच नाही, साहेब," दौलत म्हणाला. "नोव्हेंबरात मी तुम्हाला बोललो होतो. दिवाळीत छापखाने बंद असतात, येईल मागाहून, असं तुम्ही म्हणालात. वहीत लिहिलंय."

वहीत तसं लिहिलेलं होतं. पण वही दौलतच्याच हातची. पंतांनी ती मिटली, आणि त्याच घटकेला संशयाने त्यांच्या घरात बिऱ्हाड केलं.

संशयाला खायला फार लागत नाही. गावभर तेव्हा तेच चाललं होतं. कोण आपला आणि कोण सरकारचा, याची प्रत्येक इराण्याच्या हॉटेलात चौकशी; कोपऱ्यातला अनोळखी माणूस चहा घ्यायला लागला की बोलणी बंद. पंतांनी मनातल्या मनात उलटतपासणी सुरू केली. पाकीट येतं कुणाच्या हाती? दौलतच्या. डकवतं कोण? दौलत. ऑक्टोबरात दौलत कुठे होता? दसऱ्याला तो नागपूरला गेला होता, दीक्षा घ्यायला, आणि बौद्ध होऊन परत आला होता. त्यानंतर तो बदलला, असं पंतांना आता आठवायला लागलं. पूर्वी खालमानेने बोलायचा, आता डोळ्याला डोळा देतो. सत्यनारायणाचा प्रसाद घेतला नाही. आपण जात मानतो, असं कुणी म्हटलं असतं तर पंत चिडले असते. ते फक्त मुद्दे जुळवत होते, आणि मुद्दे आपले गुणी पोरांसारखे ओळीने येऊन बसत होते.

त्यांनी पाळत ठेवली. मुळात विरळ असलेल्या डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून तो तिसऱ्या खंडात त्या पानावर ठेवला. दुसऱ्या दिवशी केस गायब. म्हणजे याने खंड उघडला, का उघडला? (का उघडू नये, त्याचं कामच ते, हे पंतांना सुचलं नाही.) मग एका दुपारी त्यांनी कोर्टाच्या जिन्याखाली जे पाहिलं, त्याने तर त्यांची खात्रीच पटली. सरकारी वकिलांचा कारकून चिंतामणी याने इकडेतिकडे बघून दौलतच्या हातात एक जाड लिफाफा दिला, आणि दौलतने तो कोटाच्या आत सरकवला.

खाल्ल्या घरचे वासे मोजतो, पंत स्वतःशी म्हणाले. त्यांना राग आला होता, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. हरण्याला कारण मिळालं की हरणं हलकं होतं.

एक फेब्रुवारीला दौलतने त्यांच्यापुढे छापील अर्ज ठेवला. वकिलीची सनद मागायची, तर चांगल्या वर्तणुकीचे दोन दाखले जोडावे लागत, आणि त्यातला एक ज्याच्या हाताखाली काम केलं त्या वकिलाचा. दुसरा त्याने कॉलेजातून आणला होता. मुदत महिनाअखेरची. चुकली की वर्ष गेलं.

"ठेव. बघतो," पंत म्हणाले.

त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला. आठ दिवसांनी दौलतने आठवण केली, तेव्हाही बघतोच. पंधरा दिवसांनीही तेच. दौलतने मग विचारणं सोडलं. येऊन चिठ्ठ्या डकवायचा, तारखा लावायचा, जायचा. त्याचा हा गप्पपणा पंतांनी पुराव्यात जमा केला.

मधेच एकदा कौसल्या आली. मिलने सीतारामचं नाव कमी केलं होतं. पुस्तकात सुटका छापलेली होती ना, मग ती गेली कुठे, एवढंच तिला विचारायचं होतं. दौलत आतल्या खोलीत फाइली बांधत होता. पंतांनी आवाज खाली केला, पण पुरेसा नाही.

"घरभेद्यापुढे कुणाचं चालतं, बाई?" ते म्हणाले, आणि मान आतल्या दाराकडे वळवली.

कौसल्येने दाराकडे पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. लालबाग ते करी रोड अंतर ते किती. दोन दिवसांत चाळीच्या नळावर गोष्ट पोचली. गमऱ्यांच्या दौलतने सीतारामला सरकारला विकला. दौलतच्या आईची घागर नळावरून बाजूला सारायला लागले. दौलतने हे ऑफिसात सांगितलं नाही. पंतांना ते दुसऱ्याच एका पक्षकाराकडून कळलं, आणि लोक उगाच बोलत नाहीत, असं त्यांना वाटलं. बी आपणच पेरलं होतं, हे सोयीने विसरले.

फेब्रुवारीच्या शेवटी महाशिवरात्र आली. बाहेर निवडणुकीच्या लाउडस्पीकरने कान किटले होते. पंतांच्या पत्नी आनंदीबाई सकाळी देवघरात पोथी काढायला गेल्या, त्या पोथीचं लाल कापडी बासन तसंच अर्धं सोडलेलं हातात घेऊन पुढच्या खोलीत आल्या.

"अहो, हे तुमचं काय ते कोर्टाचं," त्या म्हणाल्या. "पोथीच्या खाली होतं. दसऱ्याला पूजेत ठेवलेलं दिसतंय. तेव्हा मी सगळं एकत्र बांधून टाकलं असेन."

टेबलावर त्यांनी एक पाकीट ठेवलं. बंद. वर प्रकाशकाचा शिक्का, बारा ऑक्टोबरचा टपालाचा छाप, मध्ये हळदीकुंकवाचं बोट, आणि कडेला चिकटलेलं आपट्याचं वाळकं पान.

पंत त्या पाकिटाकडे बघत राहिले, आणि त्यांना सगळं आठवलं. खंडेनवमीचा दिवस, शनिवार. सातही खंड पाटावर मांडलेले. पोस्टमन आला, पाकीट त्यांनीच घेतलं. कामाची कुठलीही नवी वस्तू आधी पूजेला लावायची, मग वापरायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. नवा टाक असो, नवी वही असो. म्हणून पाकीट त्यांनी पोथीजवळ ठेवलं आणि स्वतःच्या हाताने त्याला कुंकू लावलं. दौलत तिथे असता तर दुसऱ्या दिवशी त्याने ते मागून घेतलं असतं. पण दौलत तिथे नसायचाच. पूजेच्या दोन दिवसांत त्याने पुस्तकांना हात लावायचा नाही, हाही घरातला रिवाजच होता. तो कुणी मोठ्याने सांगत नसे. दौलतच ओळखून दर वर्षी ते दोन दिवस रजा घेई.

"काखेत कळसा," आनंदीबाई म्हणाल्या, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पंतांनी पाकीट फोडलं. तिसरा खंड, ती चिठ्ठी, वरून तिसरी. मग त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि तो आला होता हे लपवण्यात अर्थ नाही. चूल शेजारच्याच खोलीत पेटलेली होती. पाकीट पाहिलं ते फक्त बायकोने. ते उठलेही. आनंदीबाई दारातून हलल्या नाहीत. पंत पुन्हा खाली बसले.

दौलत साडेदहाला आला. पंतांनी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. दौलतने कुंकू पाहिलं, पान पाहिलं, टपालाचा छाप पाहिला. विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"जिन्याखाली चिंतामणीने तुला काय दिलं?" पंतांनी विचारलं. हा प्रश्न आज विचारायचा नव्हता, पण सवय जाईना.

दौलतने आपल्या खणातून तो जाड लिफाफा काढला. आत ऑक्टोबरच्या सगळ्या चिठ्ठ्या, हाताने उतरवलेल्या, सुवाच्य. सरकारी पुस्तकांतून उतरवून दिल्याचं कळलं तर चिंतामणीची नोकरी गेली असती, म्हणून लपवाछपवी. हाताने लिहिलेलं साहेबांच्या पुस्तकात डकवायचं तर साहेबांना विचारायला हवं होतं, आणि साहेब हल्ली बोलत नव्हते.

पंतांनी खण उघडला. अर्ज बाहेर काढला. लिहायला लागले: गेली सहा वर्षं मी यांना ओळखतो, सचोटीचे, विश्वासू, कामात चोख. लिहिताना त्यांना मनापासून लाज वाटत होती. खाली सही केली. मग क्षणभर थांबले, आणि तारीख घातली: एक फेब्रुवारी. ज्या दिवशी अर्ज हातात आला, ती. निदान कागदावर तरी हे सत्तावीस दिवस नसावेत, असं त्यांना वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मागची तारीख घातली, आणि ती दुसऱ्या कुणासाठी नव्हती.

"उद्या मी लालबागला जातो," ते म्हणाले. "कौसल्येला सांगतो. सीतारामला तुरुंगात जाऊन सांगतो. तुझ्या चाळीतही येतो."

"या," दौलत म्हणाला. "आई घरीच असते."

त्याने दाखला हातात घेतला आणि उभ्याने वाचला. सचोटी, विश्वासू, सगळं. तारखेशी त्याची नजर थांबली. आज सत्तावीस तारीख. उद्याचा दिवस गेला की मुदत संपत होती. त्याने कागद परत टेबलावर ठेवला, पंतांच्या समोर, सुलटा, आणि दौत जवळ सरकवली.

"तारीख आजची घाला, साहेब," तो म्हणाला. "एक तारखेला तुम्ही मला विश्वासू समजत नव्हता."

पंतांनी टाक उचलला. एक फेब्रुवारी खोडलं, वर सत्तावीस लिहिलं, खोडल्याजागी छोटी सही केली. दौलतने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग दाखला घडी करून खिशात ठेवला, कपाटातून तिसरा खंड काढला आणि खळ करायला मैदा आहे का, ते आनंदीबाईंना विचारायला आत गेला.