बशीतला तुकडा

आमच्या ह्यांच्या मेंदूचा एक तुकडा अजून जिवंत आहे, हे त्यांनी मला भाजी चिरताना सांगितलं. फिट्स थांबाव्यात म्हणून ऑपरेशन झालं होतं. आतल्या खराब भागापर्यंत पोचायला वरचा थोडा चांगला भागही काढावा लागला, तो ह्यांनी संशोधनाला देऊन टाकला. मला न विचारता! एरवी जुनी छत्री कुणाला द्यायची तरी दहादा विचारतात.

"त्याला दुखत असलं तर?" मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता परत मागा."

"आणून ठेवू कुठे? फ्रिजमध्ये?" हे हसले. पण मला घास उतरेना, तेव्हा मुकाट्याने माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आले.

तिथली संशोधक आमच्या सुनेच्या वयाची. काचेच्या बशीत, कोमट द्रावणात, नखाएवढी फिकट चकती होती. तिला बारीकशी तार टेकवलेली, आणि स्पीकरमधून तडतड येत होती, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

"पेशींचा आवाज आहे हा, काकू. कुठल्या औषधाने फिट थांबेल ते यावरून शोधतो."

"त्याला कळतं का काही? खरं सांग, गोड बोलू नकोस."

पोरगी जरा घुटमळली. "नसावं कळत. इतक्या लहान तुकड्याला कसली जाणीव, असं आम्ही धरून चालतो. पण छातीठोक नाही सांगता येणार. काका नको म्हणाले, तर आत्ता बंद करते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मात्र कान देऊन ती तडतड ऐकत बसले.

"शेवटी काय होतं?" ह्यांनी विचारलं.

"आठवडाभरात आपोआप थंडावतं. मग बटण बंद करून घरी जातो."

"चालू दे तुमचं. पण शेवटी कुणीतरी जवळ बसा." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बसेल. माझी बडबड ऐकायची सवय हिलाच आहे."

परक्या पोरीदेखत! मी तरातरा पुढे चालू लागले. तरी तिचा फोन आला तशी हातातलं काम टाकून गेले.

तडतड विरळ होत होती. बऱ्याच वेळाने एकदा वाजली, मग वाजलीच नाही. पोरीने बटणाकडे हात नेला.

मी तो धरला. "थांब गं जरा. हे बोलताना असेच मध्ये थांबतात. लोकांना वाटतं, संपलं."

तिने हात मागे घेतला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.