चियाच्या बरणीचा तळ

मित्रांनो, कडेला टवका उडालेली चिनी मातीची एखादी जुनी बरणी तुमच्याही स्वयंपाकघरात असेल. तशीच मी एक. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यासारख्या चाळीसजणी होत्या. त्यांतल्या किती शाबूत आहेत, कोण जाणे! मी एका घड्याळजींच्या घरी आले आणि तिथेच म्हातारी झाले. आधी माझ्यात मीठ असायचं. घड्याळजींची बायको गेली आणि मी कितीतरी वर्षं फळीवर रिकामीच पडून राहिले. रिकाम्या बरणीला कोण विचारतो?

मग एके दिवशी त्यांच्या लेकीने मला खाली काढलं, घासलं, उन्हात वाळवलं. ती बेकरीत पाव भाजायची. तिथे पावावर चियाच्या बिया पेरत. त्यातल्याच थोड्या ती घरी घेऊन आली होती. करड्या-काळ्या, खसखशीपेक्षा जराशा मोठ्या. दिसायला सब्ज्यासारख्या, पण सब्जा नव्हे.

"बाबा, चमचाभर बियांना पेलाभर पाणी. आणि कोरड्या तोंडात टाकायच्या नाहीत हं, घशात फुगतात," तिने बजावलं.

घड्याळजी दिवसभर मान मोडून बसायचे. त्यांचं पोट साफ होत नसे, आणि रक्तदाबासाठी डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली होती. लेक भिजलेल्या बिया कधी दह्यात कालवी, कधी फळांच्या फोडींवर घाली. केकमध्ये तर अंड्याऐवजी त्याच वापरी. बियांत तंतू भरपूर. महिन्याभरात पोटाची तक्रार पळाली. हृदयालाही चांगल्या असतात, असं लेकीने कुठेतरी वाचलं होतं. शेजारीण आली की ती मला थोपटून सांगे, "आमच्या या बरणीत दवाखाना आहे!" मला तेव्हा आभाळ ठेंगणं व्हायचं. आज ते आठवलं की काळजात चर्र होतं.

गोळीने घड्याळजींना गरगरायचं. चिमट्यात धरलेला बारीकसा स्क्रू निसटून जायचा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग त्यांच्या हातून तुटली. उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी लेकीने हातावर गोळी ठेवली. पाणी प्यायचं निमित्त करून ते स्वयंपाकघरात आले आणि ती गोळी त्यांनी माझ्यात बोटाने खोल, अगदी तळापर्यंत खुपसली.

"आता या बियाच पुरेत," ते पुटपुटले. "हात गेला तर मी काय कामाचा? पोरीला सांगू नकोस हं, बाई."

मी कशी सांगणार होते?

मग ते रोजचंच झालं. गोळी खुपसायची आणि माझ्याशी दोन शब्द बोलायचे. बेकरीत जुना माल संपल्याशिवाय डब्यात नवा ओतत नसत. लेकीला हे चांगलं ठाऊक होतं. पण घरी मी अर्धी झाले की ती लगेच वरून भर घाली. रिकामी बरणी बघितली की तिला आई गेली ते दिवस आठवत. त्यामुळे माझा तळ तिला कधी दिसलाच नाही.

"बाबा, गोळी घेतली?" ती विचारी.

"घेतली गं बाई, घेतली!"

आता त्यांना गरगरत नव्हतं, चिमट्यातला स्क्रू निसटत नव्हता. घड्याळजी शीळ घालत कामाला बसू लागले. लेकीला वाटलं, बियांचा गुण आला.

एका दुपारी ते बसल्या जागीच टेबलावर कलंडले. भिंग डोळ्यालाच होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू होत्या ना, असं त्यांनी विचारलं.

"एकही चुकली नाही," लेक हुंदके देत म्हणाली. "मी स्वतः हातावर ठेवायचे."

घड्याळजी गेले. पुढे कितीतरी दिवस तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग त्या बिया कुणाला तरी देऊन टाकाव्यात म्हणून तिने मला वर्तमानपत्रावर उपडी केलं. आधी बिया सांडल्या आणि शेवटी गोळ्या, त्रेसष्ट. तिने एकेक वेचली.

"मीच म्हणाले होते ना बाबा, बरणीत दवाखाना आहे म्हणून!"

मला छातीशी धरून ती इतकी रडली, की मी तडकले असते तर बरं झालं असतं. तुझी चूक नाही गं, एवढंच मला तिला सांगायचं होतं.

मित्रांनो, बियांचा दोष नाही. त्या गुणीच आहेत; भिजवा, आवडीने खा. पण औषधाचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. आणि घरातल्या माणसाला 'गोळी घेतली का?' एवढंच विचारून उठू नका. घटकाभर जवळ बसा, गोळीने काय त्रास होतो तेही विचारा. डॉक्टरांनी कदाचित दुसरी गोळी दिली असती. घड्याळजींना ते कुणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून तर ते रोज एका बरणीशी बोलत होते.