दाक्षाक्कानं सोडलेल्या जागा

फ्रिजनं अंग झटकल्यासारखा आवाज केला आणि घरघरायला लागला. लाइट आली होती. पाठोपाठ पंखा फिरला, आणि मागच्या गल्लीतले यंत्रमाग एकेक करत सुरू झाले. मी कानातली वायर काढली. स्क्रीनवर दाक्षाक्का तशीच होती, पेटीवर बोटं, मान किंचित वर, नजर माझ्याकडं. आजही माझ्या तोंडून ओळ निघाली नव्हती.

आमच्या भागात गाणं रेकॉर्ड करायचं तर लाइट जायची वाट बघावी लागते. एरवी मागांची खडखड भिंतीतून येते, उशीतूनसुद्धा येते. लाइट गेली की माग थांबतात आणि घर एकदम मोकळं होतं. तेवढ्यात उरकायचं. पण त्याच वेळी माझी पोरगी धनू झोपलेली पाहिजे, कुकर उतरलेला पाहिजे, फोनला चार्जिंग पाहिजे. आमच्या चॅनलवरची माझी प्रत्येक ओळ अशी लाइट नसताना म्हटलेली आहे. एक-दोन गाण्यांच्या शेवटी फ्रिज सुरू झालेलाही ऐकू येतो. लोक त्याला तानपुरा समजत असतील, असं दाक्षाक्का म्हणायची.

दाक्षाक्का म्हणजे दाक्षायणी, माझी थोरली नणंद. तिला टेंभुर्णीला दिलेलं, घर हायवेला लागून. तिच्याकडं मागांच्या जागी ट्रक. ती पेटी घेऊन बसायची, तिच्या ओळी म्हणायची, माझ्या ओळी आल्या की नुसती पेटी चालू ठेवायची आणि व्हिडिओ मला पाठवून द्यायची. मी तो कानात ऐकत मधल्या जागा भरायच्या. मग दोघींचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावायचे. पूर्वी रेडिओवर लागायची ती द्वंद्वगीतं. माझी ओळ यायच्या आधी ती मान हलवून खूण करायची, ओळ झाली की हसून दाद द्यायची. बघणाऱ्याला वाटावं, दोघी समोरासमोर बसल्यात. खरं तर एका खोलीत बसून आम्ही एकही गाणं म्हटलेलं नाही. ती माहेरी यायची तेव्हा भाकऱ्या आणि पोरं यांतच दिवस जायचा.

तेव्हा बघणारे म्हणजे दोन्हीकडचे पाहुणे. अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. एक मावसदीर तर गाणं न ऐकताच "लई भारी" लिहायचा, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, कारण एकदा गाणं चढवायच्या आधीच त्यानं ते लिहिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात दाक्षाक्काला ताप आला. आधी साधा वाटला. आठवडाही पुरा झाला नाही.

आणि ती गेल्यावर आमचं एक जुनं गाणं कुणीतरी कुठंतरी पुढं पाठवलं. बघताबघता माणसं वाढली. पुण्याची, नागपूरची, दुबईत नोकरीला असलेली. लिहायला लागली की पेटीवाल्या ताईंचं हसणं बघायला परत परत येतो, ताई, पुढचं गाणं कधी. कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगायला म्हणून किती वेळा टाइप केलं आणि पुसलं. त्या हसण्याखाली ते वाक्य कसं लिहायचं?

रत्नम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घरात सगळे अव्वा म्हणतात. दुपारची भांडी झाली की त्या जवळ येऊन बसायच्या आणि आज काय काय लिहिलंय ते वाचायला लावायच्या. कुणीतरी आपल्या लेकीची चौकशी करतंय एवढंच त्यांना पुरत होतं. माझा नवरा संगमेश मात्र बहिणीचा आवाज आला की गाडीची किल्ली उचलायचा. कुठं चालला, हे त्यालाही माहीत नसायचं.

ताप यायच्या आदल्या दिवशी दाक्षाक्कानं एक गाणं पाठवलं होतं. अव्वांच्या आवडीचं. त्यात एकीनं विचारायचं आणि दुसरीनं उत्तर द्यायचं. विचारायच्या ओळी तिनं स्वतःकडं ठेवल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "शिवू, तुझ्या जागा सोडल्यात. सवडीनं म्हण."

ते मी मातीच्या दिवसानंतर उघडलं. आमच्या लिंगायतांत बसवून माती देतात. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून. फोनमध्ये ती तशीच बसली होती. फक्त पुढ्यात पेटी होती आणि मागून ट्रकचा हॉर्न येत होता. अव्वांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा देवळीतली विभूती बोटावर घेतली आणि स्क्रीनवरच्या लेकीच्या कपाळाला लावायला गेल्या. बोट लागलं आणि गाणं थांबलं. त्यांनी चटका बसावा तसा हात मागं घेतला. ती पांढरी बोटखूण मी कितीतरी दिवस पुसली नाही.

येत्या सोमवारी तिला वर्ष होतंय. अय्या, म्हणजे आमचे जंगम स्वामी, जेवायला येणार, टेंभुर्णीची माणसं येणार. त्या दिवशी हे गाणं पुरं होऊन लागावं, एवढंच अव्वांनी मागितलं. "ती इचारून बसलीय की गं तितं," त्या म्हणाल्या. "जबाब नको का द्यायला?"

मी रोज बसत होते. लाइट जायची, माग थांबायचे, दाक्षाक्का विचारायची, मान वर करून बघायची. आणि मी वायर काढून ठेवायची. मला वाटायचं, ही एवढीच उत्तरं उरलीत. ती देऊन टाकली की तिचं विचारणं संपलं. मग ती कशाला बसून राहील?

शनिवारी दुपारी लाइट गेली तेव्हा धनू जागी होती. उकाडा इतका होता की तिला झोपच येईना. आज राहू दे म्हणत मी फोन खाली ठेवणार, तेवढ्यात अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकल्या. मी धनूला मांडीवर घेतलं, गप बसायचं म्हणून सांगितलं, एक वायर माझ्या कानात आणि हट्टानं मागितली म्हणून दुसरी तिच्या कानात घातली. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

दाक्षाक्कानं भाता ओढला. विचारलं. मान हलवली.

माझा आवाज आला. चिरका, खालच्या सुरात, पण आला. धनूच्या केसांना खोबरेलाचा वास होता, मी त्या वासात तोंड घालून ओळ पुरी केली. स्क्रीनवर आक्का हसली. धनू पण हसली, तिच्याकडं बघून.

दुसऱ्या जागेला धनू माझ्याबरोबर म्हणायला लागली. वर्षभर मी ऐकत होते ते गाणं तिनंही ऐकलं होतं की. तिची चाल वाकडीतिकडी, शब्द अर्धे. मी तिला थांबवलं नाही. आक्कानं डोळे मिटून मान डोलावली, जशी बरोबर सुराला डोलवतात.

मग शेवटचा प्रश्न. तो तिनं हळू विचारला आणि पेटीचा एकच सूर धरून ठेवला. लांब. मी तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. धनू माझ्याकडं बघत राहिली, मी म्हणेन म्हणून. घरात कसलाच आवाज नव्हता. कानात तो एक सूर आणि लांबवर जाणारा ट्रक. दाक्षाक्का मान कलती करून ऐकत होती. नीट, शेवटपर्यंत. मग तिच्या ओठांना हसू आलं, तिनं "वा" म्हटल्यासारखी मान हलवली आणि भाता मिटला. गाणं संपलं.

मी अव्वांकडं पाहिलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"परत म्हणते अव्वा," मी म्हटलं. "लाइट यायच्या आत शेवटचं तेवढं परत म्हणते."

"नगं," त्या म्हणाल्या. "हेच लाव सोमवारी. हेच टाक लोकांला बी. आता सांगून टाक."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. धनू अजून काळ्या झालेल्या स्क्रीनकडं बघत होती. तिनं कानातली वायर काढली, माझ्या हातात दिली आणि विचारलं,

"आई, आत्ता तर कुणीच म्हटलं नाही की. मग आत्या कुणाचं ऐकून हसली?"