राहिलेला पेपर

"मामा, आधी अर्जातला हा 'चालू' काढ," माझी लेक म्हणाली.

"का गं? तूच म्हणालीस ना, अर्धवट झालेल्या परीक्षांपुढे 'चालू' लिहितात म्हणून?"

"चालू असल्या तर लिहितात. ही नेटवर्कची परीक्षा बंद होऊनच किती वर्षं झाली! परीक्षा कसली चालू? चालू तू आहेस."

माझा भाऊ मोठ्याने हसला. मीही हसले. जेवणाच्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप होता, शेजारी त्याची कागदपत्रांची फाइल होती आणि दुपारी मुलाखतीला घालायचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. ती सकाळ मला अजून अशीच्या अशी दिसते.

तो माझ्या पाठचा. पन्नाशी उलटली होती. उभा जन्म एका विमा कचेरीत संगणकांची देखभाल करण्यात गेला. कुणाचं यंत्र रुसलं की याच्या नावाने हाका सुरू. मग कचेरीने ते सगळं काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि याला पुष्पगुच्छ दिला. त्याच सुमारास बाबा गेले. मी त्याला माझ्या घरी आणलं. आला खरा, पण पाहुण्यासारखा वावरायचा. दिवा लावतानासुद्धा विचारायचा. त्यामुळे मोठ्या इस्पितळाच्या संगणक विभागात जागा निघाली तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याने आरशासमोर उभं राहून नीट भांग पाडला. या वयात दुसरी अशी जागा निघणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

लेक माणसं नेमण्याच्याच कामात होती. रोज ढिगाने असे कागद तिच्या नजरेखालून जायचे. ती मास्तरणीच्या सुरात सांगत होती, "हे बघ, अपुरी परीक्षा लिहायला काही हरकत नसते. फक्त स्पष्ट लिहायचं. कुठला पेपर पास झालास, कुठला बाकी आहे, कधी देणार आहेस. खोटं लिहायचं नाही आणि रडगाणंही लिहायचं नाही. ही संगणक-सुरक्षेची परीक्षा, एक पेपर झालाय, एक उरलाय. इथे 'चालू' बरोबर आहे. पण ही नेटवर्कची काढून टाकू. बंद पडलेली परीक्षा अर्धी दिली काय नि नाही दिली काय, सारखंच."

"सारखं कसं? पहिला पेपर मी पास झालोय."

"अरे, पण दुसरा आता जगात कुठेच घेत नाहीत!"

"तो माझा दोष आहे का? राहू दे ती ओळ."

एरवी तो कशालाच हट्ट करत नसे. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत होते, ती निवडत राहिले.

बाबा त्याला लहानपणापासून 'अर्ध्या' म्हणत. त्याला कारणही होतं. दूध अर्धं प्यायचा, पाढा अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर बघत बसायचा. रेडिओ उघडायचा आणि मिटायचा विसरायचा. "अर्ध्या, निदान बूट तरी दोन्ही पायांत घातलेस का?" बाबा दारातून ओरडायचे आणि सगळी आळी हसायची. तोही हसायचा. पण नोकरी लागल्यावर त्याने ही नेटवर्कची परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा मला म्हणाला होता, "ताई, ही मी पुरी करणार. आणि मग ते प्रमाणपत्र बाबांच्या खुर्चीसमोर भिंतीवर लावणार. रोज दिसलं पाहिजे."

पहिला पेपर चांगल्या गुणांनी सुटला. दुसऱ्या पेपरच्या सकाळी तो बूट घालून, ओळखपत्र खिशात टाकून निघाला होता. तेवढ्यात न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बाबांची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, वाचाही निम्मी गेली.

बाबांचं वाक्य तेव्हापासून मध्येच थांबायचं. "खिडकी..." म्हणायचे आणि डोळे मोठे करून बघत राहायचे. मी माहेरी गेले की अंदाज करत बसायचे, उघडू? लावू? ते चिडायचे. हा मात्र आतल्या खोलीतून सांगायचा, "ताई, खिडकी नाही गं. खिडकीत कबूतर बसलंय, त्याला हाकल म्हणतायत." आणि बाबा मान डोलवायचे. त्यांची सगळी वाक्यं शेवटपर्यंत तोच पुरी करत आला. चहा आला की याचा हात आपोआप कपातला अर्धा चहा बशीत ओतायचा. त्यावर फुंकर घालून तो बशी बाबांच्या ओठांशी धरायचा आणि मग उरलेला अर्धा कपातून स्वतः प्यायचा. त्या सगळ्या वर्षांत तो अर्धाच कप चहा प्यायला. पुढची परीक्षा आली की बाबांची छाती भरायची, नाहीतर ताप चढायचा. "पुढच्या वेळी देतो," म्हणायचा. मग ती परीक्षाच बदलायची.

"बरं, ठेवते," लेक शेवटी म्हणाली. "पण दुसऱ्या पेपरपुढे काय लिहू? नापास?"

"नापास कसा? दिलाच नाही मी."

"मग गैरहजर?"

"लिही, राहिला."

"मामा! 'राहिला' असं कुणी लिहितं का? शाळेत डबा राहिल्यासारखं वाटतं ते."

शेवटी 'पहिला पेपर उत्तीर्ण, दुसरा दिला नाही' यावर दोघांची तडजोड झाली. त्याने शर्ट घातला आणि कागद फाइलमध्ये ठेवला. दारात थांबून त्याने दोन्ही बुटांकडे पाहिलं.

"घातलेत रे दोन्ही," मी म्हणाले.

"खात्री केलेली बरी," तो म्हणाला.

परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. लेकही नुकतीच ऑफिसातून आली होती. मी चहा टाकला. तो हातपाय धुऊन टेबलाशी बसला.

"नाही झालं," त्याने सांगितलं. "नियमात पुरं प्रमाणपत्र लागतं. एक तरी. तोंडावर सांगितलं ते बरं केलं. वाट बघायला नको."

"विचारलं काय काय?" लेकीने खुर्ची जवळ ओढली.

"कामाचं विचारलं, ते सगळं आलं. तुझ्याएवढाच मुलगा होता, चांगला होता. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, दुसरा पेपर का नाही दिलात? मी म्हटलं, राहिला. तो म्हणाला, का राहिला? मी म्हटलं, मी घरी राहिलो म्हणून."

"आजोबा आजारी होते हे सांगितलंस ना?"

"नाही."

"अरे मामा! तेच तर सांगायचं! इतकी वर्षं तू..."

"बाबांना कशाला नोकरीच्या अर्जात ओढायचं?" तो शांतपणे म्हणाला. "त्यांना आवडलं नसतं."

मी त्याच्यापुढे कपबशी ठेवली. लेक हळूच म्हणाली, "पुढे काय म्हणाला तो?"

"हसत हसतच म्हणाला, म्हणजे तुम्हाला गोष्टी अर्ध्यावर सोडायची सवय दिसतेय." त्याने कप जवळ घेतला. "मी म्हटलं, आमचे वडीलही हेच म्हणायचे."

लेकीला आधी हसू फुटलं. मग ती तोंडावर हात धरून आत निघून गेली.

बोलता बोलता त्याच्या हाताने अर्धा चहा बशीत ओतला होता. बाबा जाऊन हिवाळा उलटला तरी हाताला ते कळलेलं नव्हतं. बशीवर एक फुंकर घातली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. बशी टेबलावर ठेवून त्याने कपातला चहा संपवला.

"ताई," उठताना तो म्हणाला, "थोडा वेळ हे टेबल घेऊ का मी? तो सुरक्षेचा पेपर..."

त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"द्यायचाय," मी म्हणाले. "बस ना. विचारतोस काय?"

आता मला 'ताई' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. पण तो पुस्तक आणायला आत गेला तेव्हाचं ते टेबल आठवतं. रिकामा कप आणि भरलेली बशी. एरवी मी ती मोरीत ओतायचे. त्या संध्याकाळी दोन्ही हातांनी उचलली आणि एक थेंबही न सांडता प्यायले. चहा निवला होता.