पुलामागची खोली

रविवारी फोन आला की प्रज्ञेश आधी आपलं तोंड दाखवायचा नाही, प्राग दाखवायचा. लाल कौलांची छपरं, दगडी पूल, पुलाखाली पोहणारे हंस. "बघ संघू, हंस! याहून देखणं शहर नाही जगात." तीन वर्षांचा संघपाल फोनला बोट लावून म्हणायचा, "पप्पाचा हंस." बापाचा चेहरा तो विसरत चालला होता, पूल मात्र ओळखायचा.

निशिगंधा आणि पोराच्या व्हिसाचे कागद "पाठवतोच आता" एवढ्यावर अडून होते. आज ना उद्या जायचंच म्हणून तिनं शाळेतली नोकरी सोडली होती. कुकटपल्लीच्या दोन खोल्यांत पोराला थोपटताना ती सांगायची, प्रागहून आगगाडीत बसायचं की व्हिएन्ना, मग बुडापेस्ट. पोर झोपायचं, हिची झोप उडायची.

समोरच्या भारतीकाकूंना तिचं झुरणं बघवेना. "हौ गं, किती वाट बघतेस? चिलकूरला चल. व्हिसाचा बालाजी तो! पासपोर्ट हातात धरायचा नि फेऱ्या घालायच्या. आमच्या केतकीचं अमेरिकेचं काम तिथंच झालं."

"आमच्यात चालत नाही काकू."

"अगं, पार्कात चालतेस ना? तसंच समज. कायको एवढा विचार!"

सासूला, विठाबाईंना, चोरून जाणं तिला जमलं नसतं. विठाबाईंच्या सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्यानंतर या घरातलं कुणी देवळाची पायरी चढलं नव्हतं. सुनेचं ऐकून विठाबाई बुद्धाची तसबीर पुसत राहिल्या. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"जा," अखेर त्या म्हणाल्या. "पोराला नेऊ नको. उद्या त्यानं विचारलं तर मला तोंड असलं पाहिजे."

चिलकूरला ही गर्दी. पासपोर्ट छातीशी धरून पोरंपोरी लगबगीनं फिरत होती, ओठ हलत होते. निशिगंधा त्यांच्यात शिरली. पाय चालले, पण मागायचं कसं ते तिला ठाऊकच नव्हतं. जन्मात कधी मागितलं नव्हतं. घाबरून ओठांवर जे आलं ते 'बुद्धं सरणं गच्छामि'. कुणी ऐकलं तर? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी फेऱ्या तिनं पुऱ्या केल्या.

पुढच्या रविवारी हंस दाखवून झाल्यावर तिनं सांगून टाकलं.

"तू देवळात गेलीस?" प्रज्ञेश भडकलाच. "आईनं जाऊ दिलं? आजोबांनी काय म्हणून सोडलं होतं हे सगळं?"

"मग काय करू तेवढं सांगा! इथं बसून हंस बघू? पोरगं फोनला पप्पा म्हणतंय."

त्यानं फोन खाली केला, पडद्यावर नुसते पुलाचे दगड आले. मग तो हळू म्हणाला, "देव काय करणार त्यात, निशी. कागद मी भरलेच नाहीत."

"म्हणजे?"

"थांब. घरी जाऊन लावतो."

तासाभरानं फोन आला तेव्हा पूल नव्हता. एक खोली होती. एकावर एक लोखंडी पलंग, हीटरवर वाळत घातलेले मोजे, पांघरुणात तोंड खुपसून निजलेलं कुणीतरी. ज्या नोकरीवर गेला ती पहिल्याच हिवाळ्यात सुटली होती. आता गोदामात खोकी भरायचा. पूल बघायला सुट्टीच्या दिवशी ट्राम बदलत जावं लागायचं.

"बायको-पोराला आणायचं तर घर दाखवावं लागतं," तो म्हणाला. "हे दाखवू?"

तिला ओरडायचं होतं. दीड वर्ष लपवलं! पण त्याचा चेहरा आज पहिल्यांदा पुरता दिसत होता. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. संघपालनं पडद्यात वाकून बघितलं आणि हा कोण, अशा नजरेनं आईकडे वळला.

"पप्पा आहेत," ती म्हणाली. "हे पप्पा आहेत, बाळा."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. विठाबाई भाकरी थापत होत्या.

"आई, आमचं जाणं होत नाही. त्यांची नोकरी कधीच गेलीय. दाटीवाटीनं राहतात, एका खोलीत."

विठाबाईंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी दोघींपैकी कुणी ती उलटली नाही.

"जेवायला काय असतं त्याला तिथं?"

निशिगंधा भिंतीला टेकली. एवढ्या दिवसांत ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.