अस्मीने मला धुतलं

मी एक जुनी जीप आहे. माझं वय फार नाही, पण मला जुनं दिसायला लावलं आहे. खऱ्या जीपच्या दहाव्या हिश्श्याएवढी मी, रिमोटवर वाळूतून आणि खडकांतून चालते. माझा जन्म आखातात, अल कुसैसमधल्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर झाला. मला घडवणारे उल्हासराव ऑफिसातून आले की कपडेही न बदलता माझ्यापाशी बसत.

मित्रांनो, माझे किती लाड झाले म्हणून सांगू! चौकट जोडली, गिअर बसवले, दारांना इवल्या बिजागऱ्या लावल्या. मग मला म्हातारी करायला घेतलं. अंगावर मिठाचे खडे चिकटवून वरून रंग मारला आणि मीठ खरवडलं, की पोपडे उडाल्यासारखे दिसतात. चहाच्या गाळणीने वाळू चाळून चाकांना चिखल केला. गंज तर असा, की बघणाऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. हे सगळं पाण्याने निघू नये म्हणून वरचा पक्का थर तेवढा द्यायचा राहिला होता.

त्यांची लेक अस्मी नऊ वर्षांची. तिला टेबलाजवळ यायची बंदी होती. इथे मळकी गाडी रस्त्यावर ठेवली तर दंड होतो, म्हणून दर रविवारी बाबा तिला घेऊन खरी गाडी धुऊन आणत. तेवढाच दोघांचा वेळ. उम्म अल कुवैनला माझ्यासारख्या छोट्या गाड्यांची स्पर्धा होती, तिच्या आदल्या दिवशी तिने मला पाहिलं आणि तिला माझी दया आली. बाथरूममध्ये नेऊन तिने मला शाम्पूने धुतलं, जुन्या टूथब्रशने कानाकोपरे घासले. इतक्या मायेने मला कुणीच हाताळलं नव्हतं.

"सरप्राइज, बाबा!"

उल्हासरावांचा चेहरा उतरला. त्यांचा मित्र अर्सलान समोरच बसला होता.

"अक्कल आहे का? महिने घातलेत मी यात! खलास केलंस सगळं. गाडीला सॉरी म्हण."

"छोड़ो यार, बच्ची है," अर्सलान म्हणाला.

"नाही, म्हणू दे. हात जोडून."

ओल्या फ्रॉकमध्ये ती माझ्यापुढे उभी राहिली. "सॉरी, कार."

"ऐकू आलं नाही."

तिने पुन्हा म्हटलं. मला फार लाज वाटली.

उल्हासरावांनी मला घाईघाईने पुन्हा गंज चढवला आणि बक्षीस मिळालंच. परीक्षकांनी गंजाचीच वाहवा केली. खुशीत येऊन बाबांनी रिमोट अस्मीपुढे धरला. "यल्ला, आता तू चालव!"

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नो बाबा. आय माइट स्पॉइल इट."

उल्हासराव अर्सलानकडे वळून हसले. "देखा? आ गई ना डिसिप्लिन!"

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या माझ्या जातीच्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला आपटा, चिखलात लोळवा. चाक मोडलं तर दुसरं मिळतं. पण कुणा पोराला माझी माफी मागायला लावू नका. मला 'असू दे गं' म्हणता येत नाही.